तारीख पाळणारी झाडं, दिवस मोजणारी झाडं

दसऱ्याच्या आदल्या पहाटे चार वाजता दादर स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की पाय आपोआप फुलांवर पडतो. पूल, जिना, रस्ता, दुभाजक, सगळीकडे झेंडू. सेनापती बापट मार्गावरच्या मीनाताई ठाकरे फूल मार्केटात तो मावत नाही म्हणून बाहेर सांडलेला असतो. गोणीत भरलेला, ताडपत्रीवर ओतलेला, टेम्पोच्या फाळक्यावरून खाली ढकललेला. नाशिक, जुन्नर, नगर, सातारा, पुणे अशा चारी बाजूंनी रात्रभर गाड्या येत असतात. गिऱ्हाईक भावावरून हुज्जत घालतं, अडत्या त्याच्याकडे न बघता काटा धरतो, आणि बाजूला एक शेतकरी मोबाइलवर घरी सांगत असतो, "अजून दोन दिवस उशिरा उमलला असता तर सगळा मातीत गेला असता."

ते वाक्य मी एकदा ऐकलं आणि माझ्या डोक्यातून गेलं नाही. दोन दिवस! पीक काढायला काही महिने, आणि नफा-तोटा ठरतो दोन दिवसांवर. दसऱ्याच्या सकाळी सोन्याच्या भावाने जाणारं फूल एकादशीला गाडीभाडंही सुटू देत नाही. गहू थांबतो, कांदा चाळीत ठेवता येतो, सोयाबीन भाव येईपर्यंत घरात रचता येतं. फुलाला मात्र वेळ म्हणजेच किंमत.

हा सगळा घोळ होतो, कारण इथे दोन पंचांगं एकमेकांना भिडतात. आपले सण चंद्रावर चालतात. बारा चांद्रमास मिळून ३५४ दिवस होतात, सौर वर्षापेक्षा अकरा कमी. म्हणून सण दर वर्षी अकरा दिवस मागे सरकतो आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारतो. दसरा २०२० मध्ये २५ ऑक्टोबरला होता, २०२१ ला १५ तारखेला, २०२२ ला ५ तारखेला. मग अधिक श्रावण आला आणि २०२३ चा दसरा गेला थेट २४ ऑक्टोबरला. २०२५ ला तो गांधी जयंतीच्या दिवशी आला, २०२६ ला अधिक ज्येष्ठामुळे २० ऑक्टोबरला. गिरगावाजवळच्या कोलभाट लेनमध्ये जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने ज्या काळी मुंबईला छापील पंचांगाची सवय लावली, तेव्हापासून ते जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली काढलेल्या ‘कालनिर्णय’पर्यंत, मुंबईकर हे गणित दुसऱ्याने करून दिलेलं वापरतो. भिंतीवर बघितलं की झालं.

झाडाच्या भिंतीवर ‘कालनिर्णय’ नसतं. झाडाला चंद्राशी काही देणंघेणं नाही. ते सूर्य बघतं. खरं तर सूर्याचं नसणं बघतं. हे कसं कळलं, त्याची गोष्ट दादरपासून बरीच लांब, पॅरिसमध्ये सुरू होते, आणि तिची नायिका आहे भांगेचं झाड.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झ्युलियँ तुर्न्वा नावाचा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ हॉप आणि भांग या दोन नात्यातल्या झाडांच्या नर-मादी फुलांचा अभ्यास करत होता. दोन्हींत नर वेगळं, मादी वेगळी. हिवाळ्यात काचघरात बी टाकलं तेव्हा त्याला दिसलं, की एरवी उन्हाळाभर माणसाच्या डोक्यावर जाणारं हे झाड वीतभर असतानाच फुलायला लागलं आहे. अंग धरण्याआधीच वयात आलेलं पोर जणू. ऊब कमी पडली असेल, माती वाईट असेल, खत कमी असेल, अशा शंका काढून टाकत तुर्न्वा प्रकाशापर्यंत पोचला. मुद्दाम दिवसातले मोजकेच तास उजेड देऊन त्याने रोपं वाढवली. ती लवकर फुलली. १९१४ मध्ये त्याने निष्कर्ष मांडला, की दिवस आखूड होण्यापेक्षाही रात्र लांबणं हे या लवकर फुलण्याचं कारण आहे. त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं आणि तो त्यात मारला गेला. त्या एका वाक्यात किती मोठी गोष्ट दडली आहे, हे जगाला कळायला आणखी चोवीस वर्षं लागली.

मधल्या काळात श्रेय अमेरिकेला गेलं. गार्नर आणि अ‍ॅलार्ड हे तिथल्या कृषी खात्यातले दोन संशोधक ‘मेरीलँड मॅमथ’ नावाच्या तंबाखूने हैराण झाले होते. प्रचंड वाढायची, पण थंडी पडेपर्यंत फुलायचीच नाही. बी धरायचं कसं? त्यांनी भर उन्हाळ्यात कुंड्या दुपारीच एका अंधाऱ्या लाकडी खोपीत ढकलायला सुरुवात केली आणि तंबाखू फुलली. १९२० मध्ये त्यांनी हे छापलं आणि झाडांचे दोन वर्ग पाडले: लहान दिवसात फुलणारी आणि मोठ्या दिवसात फुलणारी. नावं आजही तीच चालतात, जरी ती चुकीच्या बाजूने ठेवलेली आहेत. १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियमवर, म्हणजे शेतातून फिरताना ज्याची काटेरी फळं धोतराला चिकटतात त्या तणावर, प्रयोग करून दाखवलं, की दिवसाच्या मध्ये अंधार केला तर झाडाला फरक पडत नाही, पण लांब रात्रीच्या मधोमध मिनिटभर दिवा लावला तर फुलणं रद्द. झाड रात्र मोजतं, आणि तीही सलग. मध्ये कुणी दिवा लावला तर मोजणी पुन्हा शून्यापासून. तुर्न्वाचं म्हणणं खरं ठरलं होतं.

मोजतं कशाने? पानात एक रंगद्रव्य असतं, फायटोक्रोम. लाल उजेड पडला की त्याचं एक रूप होतं, अंधारात ते हळूहळू बदलतं. त्याच्या जोडीला पेशींमधलं चोवीस तासांचं घड्याळ चालू असतं. दोघांचा मेळ बसला, की पान एक निरोप तयार करतं आणि देठातून शेंड्याकडे पाठवतं. असा निरोप असणार, हे मिखाईल चाइलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात सांगितलं होतं, आणि त्याचं प्रयोगाचं झाड होतं आपली शेवंती. त्याने नुसत्या पानांना लांब रात्र दिली आणि शेंडा फुलला. निरोपाला त्याने ‘फ्लोरिजेन’ असं नाव दिलं. सत्तर वर्षं लोक ते रसायन शोधत राहिले. २००७ मध्ये ते एक छोटं प्रथिन असल्याचं दोन गटांनी दाखवलं. त्यातल्या एका गटाने ते भातात पकडलं.

आपल्या अक्षांशावर मोजण्याचं काम सोपं नाही. लंडनमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरचा आठाच्याही आत. तिथे झाड ठोकताळ्यानेही ऋतू ओळखेल. मुंबईत सगळ्यात मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यात लहान अकरा. सव्वादोन तासांच्या या फटीत वर्षभराचा हिशेब बसवायचा. २ ऑक्टोबरचा दसरा आणि २५ ऑक्टोबरचा दसरा यांच्या दिवसमानात फरक जेमतेम पंचवीसेक मिनिटांचा. लोकलची गर्दी कुठल्या मिनिटाला वाढते हे ओळखणारा माणूसच एवढं बारीक वेळापत्रक पाळू शकेल. पण उष्ण कटिबंधातली झाडं पाळतात.

आणि हे आपल्या शेतकऱ्याला पॅरिसची गरज न लागता ठाऊक होतं. त्याने त्याला शब्दही दिले होते: हळवं, निमगरवं, गरवं.

लालबाग-परळच्या चाळींतल्या कोकणी घरांत हे शब्द अजून ऐकू येतात. गावाकडची शेती भाऊ बघतो, पण "हळव्याची कापणी झाली का" हा प्रश्न फोनवर इथूनच जातो. हळवं भात साधारण शंभर ते एकशे पंधरा दिवसांत तयार होतं, निमगरवं त्याच्यापुढे पंधरा-वीस दिवस, आणि गरवं साडेचार-पाच महिने घेतं. हळवं वरकस आणि उताराच्या जमिनीत, जिथे पाऊस ओसरला की माती लगेच कोरडी पडते. गरवं खोलगट, पाणी धरणाऱ्या शेतात. एकाच कुटुंबाच्या तीन तुकड्यांत तीन मुदतींची भातं असत, कारण पाणी तीन प्रकारचं होतं, आणि सगळं एकदम पिकलं तर कापायला माणसं कुठून आणायची, हाही व्यवहार होता. नव्याची लोंबी दाराला बांधायची असते, तेव्हा हळव्याने वेळेवर यायलाच हवं. कोजागरीला कोकणात नवान्न पौर्णिमा म्हणतात ते उगाच नाही.

मला या शब्दांत गंमत वाटते ती अशी, की ते झाडाचं रूप सांगत नाहीत. दाणा लांब की बारीक, ताट उंच की बुटकं, यासाठी दुसरे शब्द होते. हळवा-गरवा हे नुसत्या काळाचं वर्गीकरण. ज्याला आज बीजशास्त्रात ‘पक्वता गट’ म्हणतात, ते कोकणातल्या माणसाने दोन विशेषणांत आणि एका ‘निम’मध्ये उरकलं होतं.

मुंबई बेटांवरही एके काळी हेच होतं. परळ, नायगाव, माटुंगा, शीव या भागांतल्या सखल जमिनीत भात व्हायचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत या शेतांना ‘बॅटी ग्राउंड’ म्हटलेलं सापडतं, आणि हा ‘बॅटी’ म्हणजे आपला भातच. आज जिथे गिरणीच्या चिमणीच्या जागी टॉवर उभा आहे, तिथे कुणीतरी ऑगस्टच्या अखेरीस भाताची पोटरी दाबून बघत उभा राहिला असेल, की निसवायला, म्हणजे लोंबी बाहेर पडायला, किती दिवस आहेत.

जुन्या गरव्या भाताची खासियत अशी, की तो पेरणीपासूनचे दिवस मोजत नाही. पाऊस वेळेवर आला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात राब पेरला, किंवा पाऊस रुसला आणि पेरणी तीन आठवडे लांबली, तरी निसवायचा तो जवळपास त्याच सुमारास, रात्र ठरावीक लांबीची झाली की. उशिरा पेरलेला गडी बुटका राहील, फुटवे कमी देईल, पण हजर राहील. ही झाडं तारीख पाळतात. दुसरी जमात दिवस मोजणारी. तिला रात्रीची पर्वा नाही. रुजल्यापासून एकशे दहा किंवा एकशे तीस दिवस झाले, पुरेशी ऊब मिळाली, की ती फुलते, मग तो जानेवारी असो की ऑगस्ट.

गेल्या साठ-सत्तर वर्षांत जगभर पिकांच्या जाती सुधारताना जे काम सर्वांत मुकाट्याने झालं, ते म्हणजे तारीख पाळणाऱ्या झाडांना दिवस मोजायला लावणं. हरितक्रांतीची गोष्ट सांगताना आपण बुटक्या ताटाबद्दल आणि युरियाबद्दल बोलतो. पण १९६६ मध्ये फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आणलेल्या आयआर-८ ची दुसरी, तितकीच मोठी करामत ही होती, की त्याला दिवसमानाशी कर्तव्य नव्हतं. सुमारे एकशे तीस दिवस, कुठेही, कधीही. १९७६ च्या आयआर-३६ ने तो हिशेब एकशे दहाच्या आसपास आणला. उन्हाळी भात शक्य झाला तो त्यामुळे. कालव्याचं पाणी असेल तर वर्षात दोन पिकं निघू लागली.

यात गेलं काय, तेही सांगायला हवं, कारण कृषी खात्याच्या पुस्तिकेत ते नसतं. पाऊस उशिरा आला की दिवस मोजणारी जात आपला पूर्ण कार्यक्रम तितकाच पुढे ढकलते, आणि मग दाणा भरायच्या वेळी शेतात पाणी नसतं. जुना गरवा अशा वर्षी आपलं अंग कमी करून वेळ गाठायचा. शिवाय सगळ्या गावाचा गरवा एकदम निसवला की पाखरं आणि किडे विभागले जायचे. माझं मत असं, की ‘जुनं बियाणं काटक असतं’ असं जे म्हातारे म्हणतात, त्यातला बराचसा काटकपणा हा या वेळेच्या शहाणपणाचा आहे. कर्जतचं भात संशोधन केंद्र आणि दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आजही हळव्या, निमगरव्या आणि गरव्या अशा तिन्ही गटांत जाती देतात, हे म्हणूनच बरं आहे.

आता भांगेकडे परत. कारण या झाडाच्या बाबतीत फुलायची वेळ हा केवळ शेतीचा प्रश्न राहिला नाही, तो कायद्याचाही झाला.

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपं. पानं ती भांग, मादीचा फुलोरा तो गांजा, त्यावरचा डिंक तो चरस. नर झाड मादीच्या आधी फुलतं, पराग सोडतं आणि वाळून जातं. मादीला पराग मिळाला की ती बी भरायला लागते आणि फुलोऱ्यातला डिंक घटतो. म्हणून बंगालमधल्या नौगावात ‘पोद्दार’ नावाचा खास जाणकार असे. पीक फुलायच्या बेतात आलं की तो ओळीओळीने फिरून नर झाडं ओळखायचा आणि उपटायला लावायचा. ओळखायला त्याच्याकडे जेमतेम काही दिवस असत. मुंबई इलाख्यात या लागवडीसाठी नगर जिल्हा ओळखला जाई. इंग्रज सरकारने १८९३-९४ मध्ये नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने मुंबईसह देशभर फिरून जवळपास बाराशे साक्षीदार तपासले आणि अनेक खंडांचा अहवाल दिला. बंदी घालू नका, कर लावा, असा त्याचा सूर होता.

बंदी आली ती १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने, आणि त्यातली गांज्याची व्याख्या एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाने लिहिल्यासारखी आहे: झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. शेंड्यासोबत नसतील तर बी आणि पानं व्याख्येबाहेर. म्हणजे रात्र पुरेशी लांब होऊन शेंड्यावर कळी आली, की कालचं पान आज गुन्ह्याच्या बाजूला सरकतं. फुलायच्या तारखेवर इतका भार टाकणारा दुसरा कायदा माझ्या वाचनात नाही. याच कायद्याच्या चौदाव्या कलमाने धाग्यासाठी आणि बियांसाठी परवान्याने लागवडीची वाट ठेवली आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये त्या वाटेने पहिलं पाऊल टाकलं. मुंबईतही काही तरुणांनी २०१३ मध्ये बॉम्बे हेम्प कंपनी काढून धाग्याच्या आणि औषधाच्या बाजूने या झाडाकडे बघायला सुरुवात केली.

धाग्यासाठी झाड वाढवणाऱ्याला फुलोरा म्हणजे संकट. फूल आलं की ताट उंच वाढायचं थांबतं आणि साल जरठ होऊ लागते. त्याला गरवी जात हवी. बियांचं तेल काढणाऱ्याला हळवी हवी, थंडी पडायच्या आत दाणा भरणारी. युरोपातल्या शेतकऱ्याने ही खोच फार पूर्वी ओळखली होती: दक्षिणेची जात उत्तरेला नेऊन लावा. उत्तरेचे उन्हाळी दिवस लांब, रात्र हवी तेवढी लांबायला उशीर, त्यामुळे झाड आणखी काही आठवडे नुसतं वाढत राहतं आणि धागा जास्त मिळतो. उलट व्होल्गाच्या परिसरात एक ठेंगणं रानटी झाड होतं, ज्याचं वर्णन यानिशेव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये केलं. तिथला उन्हाळा इतका तोकडा, की रात्र लांबायची वाट बघत बसलं तर बी धरायच्या आत बर्फ पडेल. त्या झाडाने रात्र मोजणंच सोडून दिलं आणि वयावर फुलायला सुरुवात केली. आयआर-८ मध्ये माणसाने जे केलं, ते तिथे गारठ्याने केलं होतं. आज भांगेच्या ज्या जाती दिवसमानाकडे न बघता फुलतात, त्यांच्यात हाच गुण संकरातून आलेला आहे. तो अप्रभावी असल्यामुळे पहिल्या पिढीत लपतो आणि दुसऱ्या पिढीत चौथ्या हिश्श्याच्या आसपास झाडांत पुन्हा वर येतो. मेंडेलच्या वाटाण्यासारखा.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, की हा विषय आपल्या भाजीबाजारापासून लांबचा आहे. श्रावणात दादरला रानडे रोडच्या कडेला बसलेल्या मावशीकडून अंबाडीची जुडी घ्या. पान हाताच्या पंजासारखं फाटलेलं, कडेला दाते. लिनीयसलाही ते भांगेच्या पानासारखं दिसलं, म्हणून त्याने झाडाचं नाव ठेवलं ‘हायबिस्कस कॅनाबिनस’. इंग्रज व्यापारी तिच्या वाखाला, म्हणजे सालीच्या धाग्याला, ‘डेक्कन हेम्प’ किंवा ‘बॉम्बे हेम्प’ म्हणत. नात्याने ती जास्वंदीची, भांगेची कुणीच नाही. पण रात्र मोजायची सवय तीच. देशावर ज्वारी-तुरीच्या कडेने लावलेली अंबाडी पावसाळाभर नुसती उंच होत राहते, आणि दिवस साडेबारा तासांच्या खाली उतरला की पिवळी फुलं काढते. वाख काढायचा तर फुलावर येतानाच. भाजी खायची तर त्याच्या खूप आधी, नाहीतर दोऱ्याच चावाव्या लागतात. आमच्या घरी ज्वारीच्या कण्या घालून आणि वर लसणाची फोडणी ओतून होते ती भाजी श्रावणातलीच. दिवाळीत कुणी अंबाडी आणली तर आई जुडी उलटी करून देठ मोडून बघते आणि काही न बोलता बाजूला ठेवते.

नवी जात तयार करणाऱ्याची वेळेबाबत आणखी एक पंचाईत असते, तीही गमतीची. दोन झाडांचा संकर करायचा तर दोघांनी एकाच वेळी फुलायला हवं. एक हळवं आणि एक गरवं असेल तर लग्नाच्या मुहूर्ताला नवरदेव कार्तिकात आणि नवरी मार्गशीर्षात. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ मध्ये महिको या बियाणे कंपनीची सुरुवात केली तेव्हापासून जालना हे संकरित बियाण्याचं गाव झालं. तिथल्या बीजोत्पादन प्लॉटवर हे रोजचं आहे: नर ओळ आणि मादी ओळ एकाच दिवशी पेरायची नाही, जी उशिरा फुलते ती आधी पेरायची. अंदाज चार दिवसांनी चुकला तर पराग उडून जातो आणि मादीच्या कणसात दाण्यांऐवजी भोकं राहतात.

उसाची गोष्ट तर याहून हट्टी. आपल्याकडे उसाला तुरा आला की शेतकरी कपाळाला हात लावतो, कारण वाढ संपली, आत पोकळी पडली, साखर घटली. त्याला न तुरणारी जात हवी. पण नवी जात काढायला तुराच हवा. १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र कोइमतूरला निघालं त्याचं एक मोठं कारण तिथे ऊस चांगला तुरतो आणि बी धरतो. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात उभा असलेला को ८६०३२ तिथेच जन्माला आला. म्हणजे फुलावं कोइमतूरला आणि फुलू नये कोल्हापुरात, अशी दुहेरी अपेक्षा एकाच झाडाकडून. आंब्याचं आणखी वेगळं. त्याला दिवसाच्या लांबीशी मतलब नाही, त्याला रात्रीचा गारवा हवा. दिवाळीनंतर कोकणात थंडी पडली नाही की मोहोर लांबतो आणि क्रॉफर्ड मार्केटातली पहिली पेटीही.

आणि पुन्हा दादर. झेंडूचा शेतकरी नशीबवान, कारण त्याचं फूल बरंचसं दिवस मोजणारं आहे. लहान दिवसात तो थोडी घाई करतो, एवढंच. रोप लावल्यापासून साधारण पंचावन्न ते पासष्ट दिवसांत पहिला तोडा निघतो, म्हणून तो ‘कालनिर्णय’ उघडून दसऱ्यापासून मागे मोजतो. २ ऑक्टोबरचा दसरा असेल तर जुलैच्या अखेरीस लागण, २० ऑक्टोबरचा असेल तर ऑगस्टच्या मध्यावर. पाऊस जास्त झाला आणि झाड घाईला आलं, तर शेंडा खुडून आठवडाभर मागे ओढायचं. चंद्राचं पंचांग आणि झाडाचं वय यांची सांधेजोड हाताच्या बोटांवर होते. आणि तरीही सगळ्यांनी एकच हिशेब केलेला असतो, म्हणून त्या पहाटे झेंडू पुलाच्या जिन्यापर्यंत सांडतो.

शेवंतीचं तसं नाही. ती तारीख पाळणारी. तिच्या व्यापारी जातींची ओळख आठवड्यांत सांगतात: लांब रात्री सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत फुलणारी, आठ, दहा, पंधरापर्यंत. पॉलीहाऊसमधल्या परदेशी जातींचा प्रश्न उलटाच. त्या जिथे घडल्या तिथले उन्हाळी दिवस पंधरा-सोळा तासांचे. आपला जूनमधला सव्वातेरा तासांचा दिवसही त्यांना थंडीची चाहूल वाटतो आणि त्या गुडघ्याएवढ्या होण्याआधी कळी धरतात. मग शेतकरी मध्यरात्री काही तास दिवे लावतो, हॅमनर आणि बॉनरने तणावर केलं तेच. रात्रीचे दोन तुकडे झाले की झाडाला वाटतं अजून उन्हाळा आहे. दांडा हवा तेवढा लांब झाला की एके दिवशी दिवे बंद. त्या दिवसापासून आठवडे मोजायचे, आणि फूल कुठल्या सणाला दादरला पोचणार हे बहुतेक ठरून जातं. पुणे-नगर पट्ट्यात रात्री एसटीतून जाताना माळावर एखादं घर आतून उजळलेलं दिसतं, आजूबाजूला माणूस नाही, ते बहुधा हेच.

उघड्या रानातल्या गावठी शेवंतीला कुणी दिवा लावत नाही. दसरा लवकर आला काय आणि उशिरा आला काय, ती तिथे नसतेच. ती येते रात्र लांबल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, आणि एकदा आली की एकामागून एक तोडे देत पाच-सहा आठवडे राहते. तेव्हा मार्गशीर्ष असतो. त्याच्या गुरुवारी संध्याकाळी ऑफिस सुटलेल्या बायका दादरला उतरून पाच फळं, आंब्याचा डहाळा आणि घटाला घालायला वेणी घेतात. महिना कधी नोव्हेंबरच्या अखेरीस लागतो, कधी डिसेंबरच्या मध्यावर. गुरुवार चार किंवा पाच. पुलाखाली बसलेली वेणीवाली ओली करंडी मांडीजवळ ओढते आणि पिवळी शेवंती दोऱ्यात ओवत राहते. कुठल्या जातीची, किती दिवसांची, हे तिला कुणी विचारत नाही.